मंडपासाठी जनरेटर किती केव्हीएचा?

प्रश्न : आमच्या गणेशोत्सव मंडळाची रोषणाई आणि साउंड मिळून १२ किलोवॉट लोड होतो. जनरेटर केवढा घ्यावा? पावसाची भीती वाटते.

उत्तर : ०.८ पॉवर फॅक्टर धरला तर १५ केव्हीएच्या जनरेटरमधून जेमतेम १२ किलोवॉट मिळतात. मशीन रात्रभर पूर्ण लोडवर ओढू नका, २५ केव्हीएचा घ्या. तो मंडपाबाहेर मोकळ्यावर ठेवा आणि चालू असताना डिझेल भरू नका.

तुमची पावसाची भीती रास्त आहे. खरा धोका वायरिंगचा असतो. चिकटपट्टी गुंडाळलेला केबलचा जोड ओल्या मातीत पडला की शेजारची लोखंडी कमानसुद्धा जिवंत होऊ शकते. म्हणून जोड जमिनीपासून उंच, बंद खोक्यात हवेत आणि कमानीला अर्थिंग हवेच. प्रत्येक सर्किटला ३० मिलीअँपिअरची आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) बसवा, तिचे टेस्ट बटण रोज दाबून बघा. जनरेटरचा न्यूट्रल अर्थ केलेला नसेल तर आरसीसीबी गळती पकडणार नाही. भाड्याच्या मशीनमध्ये नेमके हेच तपासायचे राहून जाते. आरती सुरू असताना आरसीसीबी पडली, तरी बायपास करू नका, आधी दोष शोधा.

प्रतिष्ठापनेआधी परवानाधारक वायरमनकडून सगळी जोडणी तपासून घ्याच.