पाळीचा नेम राहिला नाही, म्हणून घाबरू नका

तायांनो, मावश्यांनो,

आसेगावच्या बैठकीत बचत भरून झाली की कुणीतरी मागे थांबते अन् हळूच विचारते, "दोन महिने आली नाही, आता पंधरा दिवसांत दोनदा. ताई, पिशवी काढा लागते काय?"

बहुतेक वेळा नाही. चाळिशीनंतर अंडाशयाचे काम हळूहळू मंदावते. म्हणून पाळी कधी लवकर, कधी उशिरा येते. कधी कमी, कधी जास्त जाते. अंगातून गरम वाफा निघतात, झोप उडते. हे काही वर्षे चालते. सलग १२ महिने पाळी आली नाही, की ती गेली समजायचे. तोवर दिवस राहू शकतात, हे ध्यानात ठेवा.

पण हे अंगावर काढू नका:
• तासाभरात पॅड किंवा कपडा भिजणे
• आठ दिवसांपेक्षा जास्त जाणे
• संबंधानंतर किंवा दोन पाळ्यांच्या मधे रक्त जाणे
• पाळी गेल्यावर पुन्हा डाग दिसणे
• चक्कर, धाप, थकवा

आशाताईला सांगा, सरकारी दवाखान्यात तपासणी करा, रक्ताचे प्रमाण बघा.

२०१९ मध्ये बीडमधल्या ८२ हजारांवर ऊसतोड महिलांची पाहणी झाली. १३ हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली निघाली. कधी कधी ऑपरेशन खरेच लागते, पण कुणी घाई केली, तर आधी विचारा, "गोळ्यांनी भागेल का?" अन् दुसऱ्या डॉक्टरांनाही दाखवा.

आजपासून कॅलेंडरवर पाळीच्या तारखेला खूण करा. दवाखान्यात जाताना तेच कॅलेंडर सोबत न्या.