रोहित्राची परीक्षा

धरणाच्या पायथ्याशी निर्माण झालेली वीज दूरच्या नगरांत उच्च दाबाने पाठविली जाते. दाब वाढविला म्हणजे तितकीच शक्ती अल्प प्रवाहाने वाहून नेता येते, आणि तारा तापून होणारी हानी कमी होते. दाब चढविण्याचे व उतरविण्याचे कार्य रोहित्र करते. मायकेल फॅरडे या इंग्लिश शास्त्रज्ञाने १८३१ साली लोखंडी कड्यावर तारेची दोन वेटोळी गुंडाळून जो प्रयोग केला, त्यातील तत्त्वावरच हे यंत्र चालते.

मोठ्या रोहित्रातील वेटोळी कागदाने वेष्टिलेली व तेलात बुडालेली असतात. त्यांतील दोष डोळ्यांना दिसत नाही. पण तो वाढत गेल्यास एखादे दिवशी तेल पेट घेते आणि माणसांचे प्राण संकटात येतात. म्हणून वैद्य जशी नाडी पाहतो, तशी अभियंते रोहित्राची परीक्षा करतात.

पहिली परीक्षा फेऱ्यांच्या प्रमाणाची. उच्च दाबाच्या वेटोळ्याचे फेरे दुसऱ्याच्या दसपट असतील, तर त्याला ४०० व्होल्टांचा प्रत्यावर्ती दाब दिल्यावर दुसऱ्या बाजूस ४० व्होल्ट मिळाले पाहिजेत. अंतर पडले, तर काही फेरे आपसांत जुळले असल्याचा संशय येतो. येथे बाजूंची अदलाबदल होता कामा नये. तेच ४०० व्होल्ट चुकून लहान वेटोळ्यास दिले, तर मोठ्याच्या टोकांवर ४,००० व्होल्ट उभे राहतील!

दुसरी परीक्षा तारेच्या रोधाची. वेटोळ्यातून एकाच दिशेने १० अँपिअर प्रवाह सोडला आणि टोकांवर २ व्होल्ट दाब आढळला, तर रोध ०.२ ओहम होय. रोध वाढलेला दिसला, तर एखादा सांधा सैल झाला असावा. मात्र तांब्याचा रोध दर अंश सेल्सिअसला सुमारे ०.४ टक्के वाढतो. म्हणून तपमानाची नोंद केल्यावाचून हा आकडा व्यर्थ ठरतो.

तिसरी परीक्षा वेष्टणाची. मेगर नावाच्या यंत्राने वेटोळे व लोखंडी टाकी यांच्यामध्ये ५,००० व्होल्ट लावतात. त्या वेळी प्रवाह अँपिअरचा केवळ ५ दशलक्षांश भाग असेल, तर वेष्टणाचा रोध १,००० मेगओहम येतो. कागदात ओल शिरली की हा आकडा उतरतो. एका दिवसाच्या आकड्यावरून निर्णय होत नाही. मागील वर्षांच्या नोंदींशी तो ताडून पाहावा लागतो. परीक्षा संपल्यावरही वेटोळ्यात विद्युत्-भार साठून राहतो. तो जमिनीत उतरविल्याखेरीज जाणता कामगार टोकांना हात लावीत नाही.

रुग्णालयातील शस्त्रक्रियेच्या दिव्याखाली उभ्या असलेल्या वैद्यास या आकड्यांची वार्ताही नसते. तथापि तो दिवा अखंड तेवत राहतो, त्यामागे कुणी तरी दक्षतेने लिहिलेली अशी एक नोंदवही असते.

स्वाध्याय
१. रोहित्राच्या परीक्षेला वैद्याच्या नाडीपरीक्षेची उपमा का दिली आहे?
२. जुन्या नोंदींचा उपयोग कोणता?