आधी किडा ओळखा, मग बाटली उघडा

टँकच्या काचेवर पांढरे दोरे वळवळताना दिसले की घरात एकच कल्ला होतो. कोणी म्हणतं मासे देऊन टाका, कोणी म्हणतं टँकच नको, आणि ज्याला फार उत्साह असतो तो दुकानातून रंगीत औषधाची बाटली घेऊन येतो. मला किड्यांपेक्षा त्या बाटलीची आणि उत्साहाचीच धास्ती जास्त.

आमच्या गप्पींच्या टँकमध्ये असे किडे दिसले तेव्हा मी परगावी होतो. घरच्यांनी फोटो दुकानदाराला दाखवला, आणि त्याने बसल्या जागी सल्ला दिला : सगळं रिकामं करून उकळत्या पाण्याने धुवा. मेहुण्याने जीव ओतून काम केलं. रेती उकळून काढली, फिल्टरचा स्पंज नळाखाली पांढराशुभ्र होईपर्यंत पिळला, पाणी सगळं नवं. टँक लखलखला. दोन-चार दिवसांत मासे वर येऊन तोंडं उघडझाप करायला लागले आणि आठवडा संपेपर्यंत निम्मे गेले. किडे मात्र पुढच्याच महिन्यात हजर!

मासे किड्यांनी मारले नाहीत, सफाईने मारले. मासे सतत अमोनिया सोडत असतात. स्पंजात आणि रेतीत वसलेले जीवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग बऱ्यापैकी निरुपद्रवी नायट्रेट करतात. ही वस्ती बसायला चार ते सहा आठवडे लागतात, आणि उकळतं पाणी व नळातलं क्लोरीन ती एका दुपारी निकालात काढतात. म्हणून स्पंज धुवायचा तो टँकमधून काढलेल्या पाण्यातच, तोही नुसता दोनदा पिळून.

आता ते किडे. रात्री दिवे मालवून थोड्या वेळाने काचेवर टॉर्च मारा. केसाएवढा बारीक, पांढरट किंवा गुलाबीसर, पाण्यात सुटला की वेडावाकडा वळवळणारा दिसला, तर तो गांडुळाच्या गोतावळ्यातला. रेतीतलं कुजकं खाऊन जगतो, माशांच्या वाटेला जात नाही. उलट मासेच त्याला मटकावतात. तो रेती सोडून वर का येतो, हे विचारा. खाली प्राणवायू कमी पडला म्हणून. पुण्यात गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जाते, पंप तासन्‌तास बंद राहतो, त्यात उन्हाळ्याचं कोमट पाणी. त्या संध्याकाळी काच बघा. आणि मुळात त्याची संख्या वाढते ती आपल्या हातामुळे. घरातला प्रत्येक जण येता-जाता चिमूटभर दाणे टाकतो, मुलं तर मूठभर. दोन मिनिटांत संपेल एवढंच, दिवसातून एकदा, आणि ते एकाच माणसाने टाकावं. जोडीला दर आठवड्याला सायफनने रेतीतली घाण ओढत पाव टँक पाणी बदललं की किडे आपोआप ओसरतात. औषधाने ते सगळे एकदम मारले, तर रेतीतच कुजतात आणि अमोनिया पुन्हा वाढतो.

दुसरा किडा काचेवर वळवळत नाही, संथ सरकतो. अंग चपटं, डोकं तिकोनी आणि भिंगातून पाहिलं तर तिरळे वाटावेत असे दोन डोळे दिसले, तर तो प्लॅनेरिया. नुसते मोठे मासे असतील तर घाबरू नका. टँकमध्ये छोट्या शोभेच्या कोळंब्या किंवा अंडी असतील तर मात्र याला राहू देऊ नये. बोटाने चिरडू नका, ब्लेडने खरवडू नका. तुकड्यातून अख्खा किडा पुन्हा तयार होतो. छोट्या बाटलीला बारीक भोकं पाडून आत मांसाचा तुकडा घाला, रात्रभर तळाशी ठेवा आणि सकाळी भरलेली बाटली उचलून घ्या. एवढ्याने भागलं नाही तर फेनबेंडाझोल हे जंतांचं औषध, किंवा सुपारीच्या अर्काची पावडर. हो, आपलीच सुपारी; तिच्यातलं अरेकोलिन पूर्वी कुत्र्यांच्या जंतांवरही देत. दोन्हींनी गोगलगायी दगावू शकतात, त्यांना आधी दुसऱ्या भांड्यात हलवा.

खरी घाई करायची ती तिसऱ्या किड्याच्या वेळी. गप्पी किंवा मॉली एका जागी स्थिर थांबली की गुदद्वारातून लाल बारीक टोकं बाहेर डोकावतात आणि मासा पोहायला लागला की आत जातात. हा कॅमॅलॅनस नावाचा जंत. आतड्याला चिकटून रक्त पितो, एका माशाकडून दुसऱ्याकडे जातो, आणि टोकं दिसेपर्यंत बहुधा सगळ्या टँकला लागण झालेली असते. इथे दाणे कमी करून काही होत नाही. लेव्हामिसोल लागतं, ते जनावरांच्या औषधांच्या दुकानात मिळतं. साधारण मात्रा लिटरला 2 मिलिग्रॅम, 24 तास. पण पाकिटावरचं प्रमाण पाहून, पशुवैद्याला विचारून हिशेब करा. ते उजेडात टिकत नाही, म्हणून टँक झाकून ठेवा. त्याने जंत मरतातच असं नाही, लुळे पडून बाहेर येतात. तळ लगेच सायफनने स्वच्छ केला नाही तर मासे तेच पुन्हा गिळतात. दोन-तीन आठवड्यांनी दुसरा डोस द्यायचाच, कारण पहिल्यातून पिल्लं सुटतात. मासे ठणठणीत दिसायला लागले की नेमका हाच डोस राहून जातो. कॅलेंडरवर दूध-पेपरच्या हिशेबाशेजारी आजच लिहून टाका.