खात्री किती?

समता कॉलोनीतल्या घरी मी नीटच्या मुलांना जीवशास्त्र शिकवते. यंदा मूडल या ऑनलाइन शिक्षणप्रणालीवर वेगळी सराव चाचणी लावली. उत्तर निवडायचं आणि खात्री किती तेही सांगायचं: कमी, मध्यम की पूर्ण. बरोबर आलं तर १, २, ३ गुण. चुकलं तर ०, उणे २, उणे ६. ही पद्धत लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातले शरीरक्रियाशास्त्रज्ञ टोनी गार्डनर-मेडविन यांनी रुजवली.

१. सगळ्या चुका सारख्या नसतात. नीटमध्ये चुकलं की १ गुण जातो, मग उत्तर अंदाजानं दिलेलं असो की छातीठोक. ‘सगळ्या धमन्या शुद्ध रक्त नेतात’ यावर नऊ जणांनी ‘पूर्ण’ दाबलं. फुप्फुसधमनी कुणाला आठवलीच नाही. इतकी वर्षं मी चुका मोजल्या. ठाम चुका कधी वेगळ्या काढल्या नाहीत.

२. घाबरणाऱ्या मुलीला येत असतं. एकीची २० पैकी १८ उत्तरं बरोबर, आणि प्रत्येकापुढे ‘कमी’. गुण १८. तिच्या शेजारच्यानं सगळीकडे ‘पूर्ण’ दाबलं. १४ बरोबर, ६ चूक, हाती उरले ६. ही मुलगी एरवी चौबे कॉलोनीतल्या महाराष्ट्र मंडळात गणपतीची आरती खणखणीत आवाजात म्हणते. विचारलं, “येत होतं, मग कमी का दाबलंस?” म्हणाली, “काकू, तुम्ही दरवेळी ‘नक्की ना?’ विचारता. मला वाटतं, चुकलंच असणार.” उत्तर बरोबर असलं तरी मी तसं विचारते, हे मला ठाऊकच नव्हतं. मुलांनी विचार करावा म्हणून लागलेली सवय. तिनं त्यातून भलतंच ऐकलं, आणि तेही दोन वर्षं.

३. खात्रीचाही हिशेब असतो. पाचांत चारदा तरी बरोबर येण्याची आशा असेल तरच ‘पूर्ण’ परवडतं; तीनांत दोनदाही येणार नसेल तर ‘कमी’च बरं. मुलांना हे माझ्याआधी उमगलं.

४. शिकवणाऱ्याची खात्री कुणीच तपासत नाही. डॉक्टर लेकीनं काढलेले प्रश्न मी सोडवले. जिभेच्या टोकालाच गोड कळतं का? ‘हो’, आणि ‘पूर्ण’. उणे ६. जिभेच्या चव कळणाऱ्या प्रत्येक भागात सगळ्या चवी कळतात. प्रत्येक चवीची वेगळी जागा दाखवणारा जिभेचा नकाशा मी फळ्यावर रंगीत खडूंनी काढत आले होते. ज्या जुन्या मुलांचे नंबर माझ्याकडे आहेत, त्यांना आता एकेक करून फोन करते आहे.