नाचणी खात होते ना!

पाऊस झाला की बंगळूरमधल्या मल्लेश्वरमच्या आमच्या घराच्या पायरीवर बुळबुळ येते. गेल्या आषाढात तिथेच पाय सरकला, हात टेकला आणि मनगट कटकन वाजलं. प्लास्टर घालता घालता हाडांच्या डॉक्टरांनी विचारलं, "पाळी कधी गेली?" मनगटाचा नि पाळीचा काय संबंध, म्हणून मी बघतच राहिले.

गेली कसली, काढली. एक्केचाळिसाव्या वर्षी फायब्रॉइडसाठी गर्भाशय काढलं. "पोट उघडलंच आहे तर" म्हणून दोन्ही ओव्हरीजही. हाडं झिजवणाऱ्या पेशींना इस्ट्रोजेनचा लगाम असतो. इतर बायकांचा तो हळूहळू ढिला होतो, माझा एका सकाळीच तुटला.

हार्मोनच्या गोळ्या लिहून दिल्या होत्या, मीच घेतल्या नाहीत. कॅन्सर होतो असं ऐकलं होतं. हा धसका एका अमेरिकी चाचणीचा, तिचा दोन हार्मोनचा भाग 2002 साली थांबवला. त्यातल्या बायका 50 ते 79 वयाच्या, सरासरी 63. माझ्या वयाची एकही नाही. स्तनाचा कर्करोग वाढला तो दोन हार्मोन एकत्र घेणाऱ्यांत. गर्भाशय नसलेल्यांना नुसतं इस्ट्रोजेन दिलं होतं, त्यांच्यात तो वाढला नाही. पक्षाघाताचा धोका मात्र वाढला. आणि खुब्याचं हाड मोडण्याचं प्रमाण सुमारे एक तृतीयांशाने घटलं, हे मला कुणी सांगितलंच नाही. खरं तर मीही विचारलं नाही. शेजारच्या अज्जींकडून रागी मुद्दे, म्हणजे नाचणीचे गोळे, शिकले होते. 100 ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम, मग हाडांना काय होतंय! पण लगामच नसेल, तर नुसत्या नाचणीने भागत नाही.

हाडांच्या घनतेच्या डेक्सा तपासणीत टी-स्कोअर उणे 2.8 आला. उणे 2.5 किंवा त्याखाली ऑस्टिओपोरोसिस धरतात.

पुण्याच्या भाचीचंही गर्भाशयाचं ऑपरेशन ठरलंय. तिला सांगितलं, आधी विचार, ओव्हरीज काढायलाच हव्यात का? काढल्याच तर पन्नाशीपर्यंत हार्मोन घेता येतील का? स्तनाचा कर्करोग किंवा रक्ताची गुठळी होऊन गेली असेल तर ते पहिल्यांदा सांग. आणि माझी चिठ्ठी दाखवून दुकानातून काही आणू नकोस.

आता दर रविवारी उपाशीपोटी हाडांसाठी अलेंड्रोनेटची गोळी, भांडंभर साध्या पाण्याबरोबर. त्यानंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही, काही खायचं-प्यायचं नाही. मी गॅलरीत उभी असते, आणि आत फिल्टरमधून कॉफीचा डिकॉक्शन थेंबथेंब गळत असतो.