सैल बोल्टाचा धडा

उद्यमबागेकडून अनगोळला येताना लेथ यंत्रांची घरघर आपण रोज ऐकतो. याच बेळगावात १८८८ साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी सायकलींचे दुकान घातले होते. अशा गावच्या मुलांना निदान एका बोल्टाची विद्या ठाऊक असावी, म्हणून हा लेख.

आमच्या काकांकडे जुनी प्रीमियर पद्मिनी मोटार आहे. मुंबईत कुर्ला येथे पूर्वी तयार होत असलेल्या या गाडीने ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या टॅक्सींतून निरोप घेतला. तथापि हौशी मंडळींनी ती अजून जपली आहे. चोर्ला घाटातून गोव्यास जावयाच्या आदल्या दिवशी गाडी उभ्या जागी थरथरू लागली. क्लच सोडताच धक्का बसू लागला. पाहतो तो इंजिनाच्या माउंटिंगचे बोल्ट सैल! महिन्यापूर्वीच एका मेस्त्रींनी ते आवळून दिले होते. मग पुन्हा सैल का व्हावेत?

चार सिलिंडरांच्या इंजिनात दर फेऱ्यास दोन स्फोट होतात. मिनिटास ८०० फेरे धरले, तर स्फोट १,६०० होतात; म्हणजे सेकंदास सुमारे २७ हादरे! ते गाडीच्या सांगाड्यास पोहोचू नयेत म्हणून मध्ये रबराची माउंटिंग असते. बोल्ट आवळला की तो किंचित ताणला जातो आणि त्या ताणामुळे दोन्ही भाग घट्ट दाबले जातात. भाग आडवे सरकू लागले, तर आट्यांतील घर्षण अपुरे पडते व बोल्ट आपोआप उलटा फिरतो. जर्मन अभियंता युंकर याने १९६९ साली हे प्रयोगाने दाखविले.

आमच्या गाडीत माउंटिंगचे रबर तेलाने फुगून तडकले होते. खरे दुखणे तेच होते. बोल्ट आवळणे हा केवळ वरवरचा इलाज ठरला.

दुरुस्ती जाणत्या माणसाच्या देखरेखीखालीच करावी. गाडी सपाट जागी उभी करून हातब्रेक लावावा, चाकांना अडणी द्यावी. इंजिन थंड होऊ द्यावे व बॅटरीची ऋण तार सोडावी. तेलाच्या चेंबरखाली जाड फळी ठेवून जॅकने इंजिनाचा भार फक्त तोलून धरावा. केवळ जॅकच्या भरवशावर गाडीखाली कधीही शिरू नये. भक्कम स्टँड हवेच. खराब माउंटिंग बदलावी. आटे झिजले असल्यास त्याच मापाचा व त्याच प्रतीचा नवा बोल्ट घ्यावा. स्प्रिंग वायसरही नवा घालावा. सर्व बोल्ट प्रथम हाताने बसवावेत, इंजिन जागेवर स्थिरावू द्यावे, मग पाळीपाळीने आवळावेत. शेवटचा जोर पुस्तिकेत दिलेल्या मापाइतकाच असावा. अतिरेकाने बोल्ट तुटतो. शेवटी बोल्टावर व शेजारच्या पत्र्यावर रंगाची एक सरळ रेघ ओढावी. रेघ मोडली की बोल्ट फिरला असे समजावे.

या गाडीत पंखा इंजिनावरच असतो. घाटात जोराचा ब्रेक लागताच सैल इंजिन पुढे सरकून पंखा रेडिएटरवर आदळला असता. काकांनी गोव्याचा बेत आठ दिवस पुढे ढकलला. मुले हिरमुसली, पण आठ दिवसांनी चोर्ला घाट उतरून सर्वजण सुखरूप पोहोचली, आणि रंगाची रेघ जशीच्या तशी होती.