आधी पटर, शेवटी ड्रायव्हर

स्टेंट बसवून किंवा बायपास होऊन माणूस घरी आला, चार दिवस विश्रांती झाली, की गोल्फ खेळणाऱ्याच्या मनात एकच प्रश्न घोळायला लागतो: पुन्हा मैदानावर कधी? येरवड्याच्या पूना गोल्फ क्लबवर किंवा चेंबूरच्या बॉम्बे प्रेसिडेन्सीवर भल्या पहाटे हजर राहायचा ज्यांचा वर्षानुवर्षांचा नेम आहे, त्यांना सकाळची ती वेळ घरात काढणं फार जड जातं. घरच्यांचं म्हणणं मात्र ठरलेलं असतं, ‘आता पुरे झालं ते गोल्फ.’ माझं मत असं, की बहुतेकांनी परत खेळावं आणि तेही मनापासून. फक्त परतीची दिशा उलटी असावी. खेळताना आपण टीवरून निघतो आणि ग्रीनवर पोचतो. आजारानंतर ग्रीनपासून सुरुवात करायची आणि टीवर सगळ्यात शेवटी जायचं.

झटक्यानंतर परत खेळता येतं, याचं एक गाजलेलं उदाहरण आहे. अमेरिकेचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांना २४ सप्टेंबर १९५५ च्या पहाटे डेन्व्हरमध्ये हृदयविकाराचा झटका आला. आदल्या दिवशी ते २७ होल्स खेळले होते. दुपारी पोटात अस्वस्थ वाटू लागलं, तेव्हा जेवणातल्या हॅम्बर्गरमधला कांदा बाधला असं त्यांनी मानलं. त्या काळी झटक्यानंतर आठवडेच्या आठवडे अंथरुणाला खिळवून ठेवण्याची पद्धत होती. त्यांना तपासणारे डॉ. पॉल डडली व्हाइट मात्र हिंडण्याफिरण्याचे खंदे पुरस्कर्ते. १९५६ च्या फेब्रुवारीत आयझेनहॉवर पुन्हा मैदानावर उतरले आणि पुढे १९६८ साली, वयाच्या ७७ व्या वर्षी, त्यांनी पाम स्प्रिंग्जजवळ १०४ यार्डांच्या होलवर एका फटक्यात चेंडू होलमध्ये घातला. आजची औषधं, स्टेंट यांतलं जवळजवळ काहीच तेव्हा उपलब्ध नव्हतं.

डॉक्टरांना नेमकं काय विचारायचं

‘खेळू का?’ असं मोघम विचारलं, तर ‘हळूहळू खेळा’ असं मोघमच उत्तर मिळतं. गोल्फ म्हणजे गाडीतून फिरत चेंडू टोलवणं, अशी पुष्कळ डॉक्टरांचीही समजूत असते. त्यांना सांगा, की १८ होल्स पायी खेळलं तर ८ ते १० किलोमीटर चालणं होतं, चार-पाच तास उन्हात जातात, चढ-उतार असतात आणि खांदे-छातीला पीळ देणारा स्विंग मध्येमध्ये करावा लागतो.

मग स्ट्रेस टेस्टचा आकडा मागा. स्वस्थ बसलेल्या शरीराला जेवढी ऊर्जा लागते, तिला १ मेट म्हणतात. कार्टमधून खेळलं तर गोल्फला साधारण साडेतीन मेट लागतात, चालत खेळलं तर ४ ते ५ च्या आसपास. ट्रेडमिलवरच्या नेहमीच्या ब्रूस पद्धतीत तीन मिनिटांचा दुसरा टप्पा पुरा केला, की सुमारे ७ मेटची मजल होते. हा टप्पा छातीत न दुखता, ईसीजीत बदल न होता पार पडला असेल, तर सपाट मैदानावर चालत खेळायला हाताशी बरीच राखीव ताकद उरते. पहिल्याच टप्प्यात दम लागत असेल, तर सध्या पटिंग ग्रीनच बरं. टूडी इकोमध्ये हृदय किती टक्के रक्त पुढे ढकलतं, व्यायामात ठोके अनियमित होतात का, किती किलो वजन उचलायची मुभा आहे, हेही विचारून कागदावर लिहून घ्या. ज्या रुग्णालयात कार्डिॲक रिहॅब आहे तिथे नाव नोंदवता आलं तर उत्तमच. मॉनिटर लावून चालण्यातून जो आत्मविश्वास येतो, तो घरच्या घरी यायला फार वेळ लागतो.

क्लबआधी सोसायटीची फेरी

चालणं जमल्याशिवाय क्लबला हात लावू नये. ९ होल्ससाठी चार-पाच किलोमीटर चालावं लागतं, तेव्हा तेवढं अंतर सपाट रस्त्यावर सहज जमलं पाहिजे. सहज म्हणजे काय? चालताना शेजाऱ्याशी पूर्ण वाक्यात बोलता यावं. गाणं म्हणता आलं नाही तरी हरकत नाही, पण दोन शब्दांनंतर श्वास घ्यायला थांबावं लागत असेल तर वेग कमी करा. मनगटावरच्या घड्याळाने दाखवलेल्या ठोक्यांवर विसंबून राहू नका. मेटोप्रोलॉलसारखी बीटा ब्लॉकर गोळी चालू असेल तर ठोके मुळातच फारसे वाढत नाहीत. घड्याळ ९५ दाखवतं आणि शरीर मात्र दमलेलं असतं. बोलण्याची ही परीक्षा अधिक भरवशाची.

अँजिओप्लास्टी मनगटातून झाली असेल तर त्या हाताने आठवडाभर तरी जड काही उचलू नये, जांघेतून झाली असेल तर वाकणं आणि वजन दोन्ही जपावं. झटका आलाच नसेल, नुसता स्टेंट बसला असेल, तर एक-दोन आठवड्यांत हलकी सुरुवात करता येते. झटका येऊन गेला असेल तर मैदानावर परतण्याआधी चार ते सहा आठवडे धरून चालावं.

ग्रीनवरून मागे मागे

बायपासची गोष्ट वेगळी. छातीचं मधलं हाड कापून पुन्हा तारांनी बांधलेलं असतं. ते मूळ धरायला सहा ते आठ आठवडे, पक्कं व्हायला सुमारे तीन महिने लागतात. गोल्फचा स्विंग नेमका त्याच हाडाला दोन्ही बाजूंनी ओढतो. म्हणून क्रम असा: चार ते सहा आठवड्यांनी, शल्यचिकित्सकाची परवानगी घेऊन, फक्त पटिंग. दोन्ही कोपरं अंगाजवळ, खांद्यांचा हलका झोका, वीसेक मिनिटं आणि मग घरी. त्यानंतर सहा-आठ आठवड्यांच्या सुमारास ग्रीनच्या कडेवरून छोटे चिप, वेजने, हात कमरेच्या वर न जाता. पुढे अर्ध्या स्विंगने ८ किंवा ९ नंबरची आयर्न, तीही मॅटवरून नव्हे तर टीवर चेंडू ठेवून, म्हणजे जमिनीला धडक बसून छातीला हादरा बसणार नाही. पूर्ण स्विंग तीन महिने झाल्यावर आणि ड्रायव्हर अगदी शेवटी. छातीत ‘कट्’ असा आवाज आला, हाड सरकल्यासारखं वाटलं, जखमेतून पाणी आलं किंवा दुखणं वाढलं, तर त्या दिवसाचा सराव तिथेच थांबवून डॉक्टरांना फोन करावा.

पेसमेकर किंवा आयसीडी बसवला असेल तर अडचण हाडाची नसते, तारेची असते. यंत्र बहुधा डाव्या खांद्याखाली बसवतात आणि तिथून बारीक तार शिरेतून हृदयात जाते. तार रुजायच्या आत हात खांद्याच्या वर नेला तर ती सरकू शकते. उजव्या हाताने खेळणाऱ्याचा डावा हात बॅकस्विंगमध्ये छातीवरून आडवा ताणला जातो, त्यामुळे इथे घाई महागात पडते. साधारण सहा आठवडे तो हात खांद्याच्या वर न्यायचा नाही. पूर्ण स्विंगची तारीख यंत्र बसवणाऱ्या डॉक्टरांकडूनच घ्यावी, पण तोवर खांदा अगदी आखडूनही ठेवू नये.

तुमचा आजार कोणताही असो, एक सवय आजपासून लावा: फटका मारताना श्वास सोडायचा. जोर लावताना श्वास कोंडून धरला की रक्तदाब क्षणात उसळतो. बॅग डिकीतून उचलताना तर हमखास श्वास कोंडला जातो. ती कॅडीला उचलू द्या. नियमांनुसार जास्तीत जास्त १४ क्लब चालतात, कमी कितीही चालतात. सुरुवातीला सात क्लबची बॅग पुरे.

वाकण्याकडेही लक्ष द्या. रक्तदाबाच्या गोळ्यांमुळे वाकून झटकन उठलं की डोळ्यांपुढे अंधारी येते आणि होलमधून चेंडू काढताना हीच हालचाल पुन्हा पुन्हा होते. पटरच्या मुठीला रबराची वाटी बसवून घ्या, चेंडू वाकल्याशिवाय वर येतो. ग्रीनवर चेंडू खूण करून उचलण्याचं काम २०१९ पासून कॅडी तुम्ही न सांगताही करू शकतो.

मैदानावरचा पहिला दिवस

पहिल्या दिवशी चार किंवा पाच होल्स, क्लबहाउसच्या जवळचे. त्यानंतर काही आठवडे ९ च. १८ वर जाण्याआधी ९ होल्सनंतर दुसऱ्या दिवशी अंग कसं वाटतं, ते पाहावं. दुपारभर झोपून राहावं लागलं तर अजून वेळ आहे. कार्ट घ्यावी का? घ्यावी, पण सगळा वेळ तिच्यात बसू नये, कारण या खेळाचा हृदयाला होणारा बहुतेक फायदा चालण्यातच आहे. सपाट फेअरवे पायी, चढ कार्टमधून, अशी विभागणी मला सर्वांत शहाणपणाची वाटते. पुढच्या टी वापरायला अजिबात लाजू नये.

वेळ निवडताना ऋतू पाहा. एप्रिल-मेमध्ये पुण्यात पारा चाळिशीच्या आसपास जातो, तेव्हा नऊच्या आत घरी परतावं. डिसेंबर-जानेवारीत उलट: पहाटेच्या थंडीत रक्तवाहिन्या आकसतात आणि हृदयावरचा भार वाढतो, म्हणून ऊन अंगावर येईपर्यंत थांबावं. पावसाळ्यात ओल्या गवतातून चालायला जास्त ताकद लागते, हे लक्षात ठेवून होल्स कमी करावेत. लघवीची गोळी घेणाऱ्यांना उन्हात पाणी लवकर कमी पडतं. मात्र हृदय अशक्त असल्यामुळे दिवसाचं पाणी मोजून दिलेलं असेल, तर इलेक्ट्रॉलची पाकिटं मनाने फोडू नयेत, त्यात मीठ असतं.

रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या चालू असताना रफमधल्या काटेरी झुडपात चेंडू शोधू नये, तो सोडून द्यावा. पाय घसरून डोक्याला मार लागला, तर काही होत नसलं तरी त्याच दिवशी तपासून घ्यावं. मधुमेह्यांसाठी आणखी एक गोष्ट: बीटा ब्लॉकरमुळे साखर उतरल्याची थरथर आणि धडधड झाकली जाते, घाम मात्र येतो. थंड हवेत कारण नसताना घाम फुटला तर आधी साखर खा, थांबा आणि साखर तपासा. तरीही बरं वाटलं नाही तर तो घाम हृदयाचा समजून चला.

‘गॅस झाला असेल’ म्हणण्याआधी

आयझेनहॉवरना जसा कांदा आठवला, तसे आपल्याकडे वडे आठवतात. हृदयाचं दुखणं दर वेळी छातीतच उठत नाही. जबड्यात, डाव्या किंवा दोन्ही खांद्यांत, पाठीत, पोटाच्या वरच्या भागात जडपणा, अकारण धाप, थंड घाम, मळमळ, यांतलं काहीही चालताना सुरू झालं आणि थांबल्यावर कमी झालं, तरी त्या दिवसाचा खेळ संपला. वयस्कर माणसांत आणि मधुमेह्यांत दुखण्याऐवजी नुसता दम लागणंही पुरेसा इशारा असतो.

डॉक्टरांनी सॉर्बिट्रेट लिहून दिली असेल तर ती बॅगेत नको, शर्टाच्या खिशात हवी. आधी बसा, मग गोळी जिभेखाली ठेवा. उभ्याने घेतली तर चक्कर येऊन पडायला होतं. पाच मिनिटांत दुखणं थांबलं नाही तर १०८ ला फोन, वाट पाहणं नाही. लैंगिक दुर्बलतेसाठी घेतात त्या गोळ्यांपैकी सिल्डेनाफिल घेतल्यापासून २४ तासांत आणि टाडालाफिलनंतर ४८ तासांत सॉर्बिट्रेट घेऊ नये, रक्तदाब धोकादायक उतरतो. संकोच बाजूला ठेवून हे डॉक्टरांना सांगितलंच पाहिजे.

पहिल्या फेरीआधी क्लबच्या सेक्रेटरींना भेटा. बंद पडलेल्या हृदयाला विजेचा झटका देणारं एईडी यंत्र आहे का, कुठे ठेवलंय, कुणाला वापरता येतं, हे विचारा. ॲम्ब्युलन्स कोणत्या फाटकातून येईल आणि सातव्या होलपर्यंत चाकं कुठून पोचतील, हे सुरक्षारक्षकालाही ठाऊक हवं. तुमच्या फोरबॉलमधल्या निदान एकाने आणि नेहमीच्या कॅडीने सीपीआर शिकून घ्यावं: छातीच्या मधोमध, मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच-सहा सेंटिमीटर खोल दाब, यंत्र येईपर्यंत न थांबता. ठोके थांबल्यावर मदतीविना जाणाऱ्या प्रत्येक मिनिटागणिक वाचण्याची शक्यता झपाट्याने घटते. एकट्याने खेळू नये, हे वेगळं सांगायला नको.

कार्ड आणि चढाओढ

जुन्या फोरबॉलमध्ये परतताना पैजा काही महिने बाजूला ठेवाव्यात. शेवटच्या तीन फुटी पटवर पैसे लागले, की ठोके कुणाचेही चढतात. स्टेबलफोर्ड पद्धतीने गुण मोजा. ती डॉ. फ्रँक स्टेबलफोर्ड या शल्यचिकित्सकाने काढली आणि १९३२ साली इंग्लंडमधल्या वॉलसी क्लबवर तिची पहिली स्पर्धा झाली. हिच्यात एखाद्या होलवर गुण मिळण्याची आशा संपली, की चेंडू उचलून पुढच्या होलकडे जाता येतं. बंकरमध्ये सातव्यांदा वाळू उडवायची गरज राहत नाही. मध्येच बरं वाटेनासं झालं तर दंडाच्या भीतीने चालत राहू नका. नियमांच्या अधिकृत खुलाशानुसार अचानक आजारी पडलेल्या खेळाडूला सावरायला समितीने साधारण १५ मिनिटांपर्यंत वेळ द्यावा, असं सुचवलेलं आहे.

तब्येत पूर्ण सावरल्यावर कुणी संघटनेच्या वरिष्ठ स्पर्धांत उतरणार असेल, तर बीटा ब्लॉकरबद्दल आधी चौकशी करावी. हात स्थिर ठेवणारं औषध म्हणून उत्तेजकविरोधी यादीत त्यावर गोल्फमध्ये स्पर्धेच्या काळात बंदी आहे आणि उपचारासाठी लागत असल्यास रीतसर सूट मागता येते. स्पर्धेसाठी गोळी स्वतःहून बंद करणं मात्र कुठल्याही परिस्थितीत नको, ती एकदम तोडली तर छातीतलं दुखणं उलटू शकतं. सूट मागण्याच्या अर्जासोबत हृदयरोगतज्ज्ञांचं पत्र आणि अलीकडचा इको जोडावा लागेल, तेव्हा हे काम स्पर्धेच्या बरंच आधी हाती घ्यावं.